वादपरिभाषा आणि पाटणचा शिलालेख

भाषेच्या विद्यार्थ्यांकरितां वक्तृत्व व युक्तिवाद यांतील मुख्य संज्ञांच्या ज्या याद्या प्रचारांत आहेत, त्यांचा एक ठराविक सांचा झाला आहे. डाव्या बाजूस संज्ञा, उजव्या बाजूस एका ओळीचा अर्थ, आणि फार झालें तर एखादा दाखला. प्रतिज्ञा म्हणजे मांडावयाचें विधान, हेतु म्हणजे कारण, दृष्टांत म्हणजे उदाहरण, पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध बाजूचें म्हणणें. परीक्षेपुरतें हें पुरेसें आहे, आणि त्यांत चुकीचें असेंही कांहीं नाहीं. परंतु खानदेशाच्या इतिहासावरील लेखन वाचतांना आम्हांस वारंवार असें दिसून येतें कीं, ही यादी पाठ करून बाहेर पडलेला लेखक प्रत्यक्ष वाद मांडूं लागला म्हणजे तींतली एकही संज्ञा त्याच्या कामीं येत नाहीं. ती त्याला नांव म्हणून ठाऊक असते, कसोटी म्हणून ठाऊक नसते. खानदेशांतल्याच एका जुन्या वादावर या संज्ञा लावून पाहाव्या व त्या कितपत काम देतात हें दाखवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम, न्यायशास्त्रांतून मराठींत उतरलेल्या शब्दांची काय गत झाली तें पाहूं. अनुमान म्हणजे व्याप्तीच्या बळावर मिळालेलें ज्ञान. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नि आहे असें म्हणतां येतें, कारण जेथें धूर तेथें अग्नि हा नियम स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष पडताळलेला आहे. मराठींत अनुमानाचा अर्थ अंदाज असा झाला, आणि बोलीनें तर त्याचा अनमानधपका करून टाकला. तर्क म्हणजे शास्त्रांत, ‘असें न मानलें तर अमुक अनिष्ट मानावें लागेल’ हें दाखवून संशय घालविण्याची रीत. मराठींत तर्क ‘लढवावयाचा’ असतो, म्हणजे जेथें माहिती नाहीं तेथेंच त्याचें काम. हेतु हा अंतःकरणांतला उद्देश झाला. पक्ष एकतर पंधरवड्याचा, नाहीं तर निवडणुकीचा. उदाहरण गणिताच्या वहींत जाऊन बसलें, प्रमाण औषधाच्या मात्रेंत. छल म्हणजे प्रतिवाद्याच्या शब्दाला त्याच्या मनांत नसलेला अर्थ चिकटवून त्याला अडविणें; त्याचा छळ झाला, व तो आतां बहुधा सुनांच्या वांट्यास येतो.

शब्दांचे अर्थ बदलतात याविषयीं आमची तक्रार नाहीं. जिवंत भाषेंत तें व्हावयाचेंच. तक्रार आहे ती भेद नाहींसे होण्याविषयीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार आहेत: तत्त्व जाणण्यासाठीं वाद, जिंकण्यासाठीं जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडण्यासाठीं वितंडा. मराठीनें यांतून वितंडा तेवढी नीट सांभाळली, जल्प टाकून दिला, आणि वाद या शब्दास भांडणाचा अर्थ दिला. त्यामुळें दोन संशोधक एका ताम्रपटाच्या वाचनाविषयीं सरळ मनानें मतभेद मांडीत असले तरी आपण म्हणतों कीं त्यांच्यांत वाद आहे, आणि लोक विचारतात कीं तो मिटणार केव्हां.

यांत अलीकडच्या परिभाषाकारांनीं आणखी एक घोळ घातला आहे. पाश्चात्य तर्कशास्त्रांत सामान्य नियमावरून विशेषाकडे आणि विशेषांवरून सामान्य नियमाकडे जाणारीं अशीं दोन तऱ्हांचीं अनुमानें मानतात. त्यांना मराठींत निगमन व विगमन असे शब्द योजले गेले. आतां निगमन हा न्यायाच्या पांच अवयवांपैकीं शेवटचा अवयव. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय असे चार टप्पे चढून आल्यावर जें सिद्ध झालें तें पुन्हा उच्चारणें, एवढेंच त्याचें काम. एकाच विद्यार्थ्यास संस्कृतच्या तासाला निगमन हा अनुमानाचा शेवटचा तुकडा म्हणून शिकवावयाचें आणि तर्कशास्त्राच्या तासाला सबंध अनुमान म्हणून, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. शब्द नवा घडवावयाचाच होता तर ज्या घरांत कोणी राहत आहे तें घर कशास दिलें?

या सर्व शब्दांत दृष्टांताचें नशीब सर्वांत विचित्र. न्यायांत दृष्टांत म्हणजे ज्या गोष्टीविषयीं सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धि एक होते ती गोष्ट. वादाचा तो पाया आहे, कारण जेथें दोघेही आधींच सहमत आहेत अशी एक जागा सांपडल्याशिवाय वादाला आरंभच करतां येत नाहीं. अलंकारशास्त्रांत दृष्टांत हा एक अलंकार आहे. दोन वाक्यांत बिंब आणि प्रतिबिंब असा संबंध असला म्हणजे तो होतो, व तेथें सिद्ध कांहींच करावयाचें नसतें. मराठी भाविकाला देव स्वप्नांत येऊन दृष्टांत देतो, तो तिसरा. आणि चौथा महानुभावांचा. केसोबासांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठांत ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येक ठिकाणीं आधीं चक्रधरांचें सूत्र, मग त्यांनींच सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटीं केसोबासांनीं जोडलेला दार्ष्टांतिक, अशी तिहेरी रचना आहे.

या तिसऱ्या भागाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. आंधळ्यांनीं हत्ती चांचपला ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, व ती दृष्टांतपाठांतही आहे. गोष्ट सांगून थांबणारे पुष्कळ असतात. परंतु गोष्टींतला कोणता अंश विषयाच्या कोणत्या अंशाशीं जोडावयाचा, आणि कोणता सोडून द्यावयाचा, हें सांगितल्याशिवाय दृष्टांत पुरा होत नाहीं असें ज्या ग्रंथकाराला वाटलें, त्याला युक्तिवादाचें मर्म कळलें होतें असें म्हटलें पाहिजे. मराठी गद्याच्या आरंभकाळींच ही शिस्त होती. खानदेशांत महानुभावांचे मठ आजही आहेत. आमच्या विद्यार्थ्यांस ही परिभाषा परक्या मुलुखांतून आणावयाची नाहीं. लिहितां वाचतां न येणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्यांतही पेरणी, जातें, सुगरणीचें घरटें हे जे दाखले येतात ते ऐकणाराला आधींच मान्य असलेले असतात, म्हणूनच ते पटतात. शाळेंतल्या व्याकरणानें मात्र दृष्टांताला अलंकारांच्या यादींत बसवून सोडून दिलें. परिणाम असा कीं, विद्यार्थी दृष्टांत म्हणजे शोभा असें समजतो, आणि इतिहास लिहूं लागला म्हणजे ती शोभाच पुरावा म्हणून पुढें करतो. अमक्या राजघराण्याचें असें झालें, म्हणून तमक्याचेंही तसेंच झालें असावें, या जातीचीं वाक्यें कोणत्याही तालुक्याच्या इतिहासांत मोजून पाहावीं. दार्ष्टांतिक कोठेंच नसतो.

आतां पाटणकडे वळूं. चाळीसगांव तालुक्यांत, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण येथील भवानीच्या देवळांत शके ११२८ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो १८६५ सालीं छापून उजेडांत आणला, व पुढें डॉ. कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत तो काळजीपूर्वक संपादिला. यादव सिंघणाचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याचें वर्णन त्यांत आहे. भास्कराचार्याच्या कुळाचीही वंशावळ आहे. आणि भास्कराचा नातू, सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे. भास्कराचा पुत्र लक्ष्मीधर यास या लेखांत ‘तार्किकचक्रवर्ती’ म्हटलें आहे. प्रशस्तींतलें विशेषण फुगवून दिलेलें असतें, हें आम्हांस मान्य आहे. तरी जो मठ गणितासाठीं निघाला त्याच्या लेखांत मुलाची थोरवी तर्काच्या नांवानें सांगावी असें लिहविणारांस वाटलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आणि तें साहजिकच होतें. भास्कराचार्याचें (जन्म शके १०३६, इ. स. १११४) गणित तर्काहून निराळें नाहीं. नुसतें उत्तर देऊन तो थांबत नाहीं, त्याची उपपत्ति मागतो. गोलाध्यायांत पृथ्वीला आधार कोणता हा प्रश्न त्यानें कसा सोडविला तो प्रत्येक भाषाविद्यार्थ्यानें पाहावा. पृथ्वीला धरणारा कोणी मूर्त पदार्थ मानला तर त्याला धरणारा दुसरा मानावा लागेल, त्याला तिसरा, आणि ही परंपरा कोठेंच थांबणार नाहीं. यालाच तो अनवस्था म्हणतो. कोठेंतरी थांबून शेवटच्या आधाराला स्वतःची शक्ति आहे असें म्हणावयाचें असेल, तर तें पहिल्याविषयींच, म्हणजे पृथ्वीविषयींच, कां म्हणूं नये? येथें अनवस्था हें नुसतें दोषाचें नांव नाहीं. समोरच्याला जी गोष्ट शेवटीं कबूल करावीच लागणार, ती पहिल्याच पायरीवर कबूल करावयास लावणारें तें हत्यार आहे. पृथ्वी सपाट दिसते, मग ती गोल कशी, या आक्षेपालाही त्यानें असेंच उत्तर दिलें आहे. प्रत्यक्ष खोटें आहे असें तो म्हणत नाहीं. परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, पृथ्वी अतिशय मोठी आहे आणि तिच्यावरचा माणूस फार लहान, म्हणून तिला पाहणाराला ती सपाटच भासावयाची. प्रतिपक्षाचें प्रत्यक्ष मोडून न टाकतां त्याची संगति लावून दाखविणें ही वादांतली फार वरची पायरी आहे.

ज्याच्या लेखणींत ही शिस्त, त्याच्याच गांवाविषयींचा वाद मात्र बेशिस्तीनें चालत आला. गोलाध्यायाच्या शेवटीं भास्करानें आपलें गांव विज्जडविड असून तें सह्य पर्वताच्या आश्रयाला आहे असें सांगितलें आहे. हें विज्जडविड कोणतें? कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, आणि खानदेशांतील लोक पाटण म्हणतात. शं. बा. दीक्षितांनीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथांत (१८९६) या लेखाचा विचार केला, त्यालाही आतां सव्वाशे वर्षें होऊन गेलीं.

विजापूर आणि बीड यांचा हेतु एकच, ध्वनिसाम्य. नांवाचा एखादा तुकडा जुळतो म्हणून गांव तेंच, हा हेतु सव्यभिचार आहे, कारण तो साध्याच्या बाहेरही आढळतो. एकाच शब्दाशीं दोन गांवें जुळतात हाच त्याचा पुरावा. शिवाय येथें साध्याला बाधही आहे. ग्रंथकार स्वतःच्या गांवाविषयीं जें सांगतो तें आप्तवाक्य, आणि सह्याद्रीच्या आश्रयाचें हें विशेषण विजापुराला कसेंही लागत नाहीं. म्हणून तो पक्ष बाधित. बीडचीही वाट याच विशेषणानें अडते.

पाटणच्या पक्षाची परीक्षा आम्ही अधिक कडक रीतीनें करणार आहों, कारण तो आमच्याच मुलुखाचा पक्ष आहे. नेहमी दिला जाणारा हेतु असा कीं, भास्कराच्या कुळाचा शिलालेख पाटण येथें आहे. याच्यामागें जी व्याप्ति धरलेली असते ती उघड करून लिहावी: जेथें जेथें वंशजांचा लेख, तेथें तेथें पूर्वजाचें राहतें घर. ही एकदां कागदावर उतरली म्हणजे तिचें लंगडेपण आपोआप दिसतें. शिलालेख दानाच्या जागीं उभा राहतो. आणि व्यभिचार दाखविण्यास दूरही जावें लागत नाहीं. त्याच चाळीसगांव तालुक्यांत गिरणेच्या कांठीं बहाळ येथें शके ११४४ चा दुसरा लेख आहे. भास्कराचा भाऊ श्रीपति, त्याचा मुलगा गणपति, व त्याचा मुलगा अनंतदेव. या अनंतदेवानें तेथें भवानीचें देऊळ बांधल्याचा तो लेख आहे. वरील हेतु खरा मानला तर बहाळही विज्जडविड ठरेल, आणि एका माणसाचें एकच गांव दोन ठिकाणीं असणें कोणासही इष्ट नाहीं.

दुसरा हेतु याहून पुष्कळ चांगला आहे, पण तो फार थोडे लोक देतात. लेखांत लक्ष्मीधरास जैत्रपाल राजानें नेल्याचें सांगतांना ‘पुरात्’ आणि लगेच ‘अतः’ असे दोन शब्द आहेत. ‘अतः’ याचा अर्थ ‘या’ असा घेतला तर ‘या पुरांतून’ नेलें असा अर्थ होतो, व लक्ष्मीधर पाटणचा ठरतो. ‘म्हणून’ असा घेतला तर कोणत्या पुरांतून नेलें तें अनिश्चित राहतें. सबंध वाद या दोन अक्षरी अव्ययावर टांगलेला आहे. आमच्या मतें पहिला अर्थच ग्राह्य आहे. लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निपुण आहे असें जाणून राजानें त्यास नेलें, हें कारण ‘मत्वा’ या शब्दानें आधींच सांगून झालें आहे. तेथें पुन्हा ‘म्हणून’ घालण्यांत पुनरुक्ति होते. उलट ‘पुरात्’ हा शब्द एकटा सोडला तर कोणतें पूर ही आकांक्षा अपुरी राहते. तेव्हां पुत्र पाटणास राहत होता, इतकें आम्ही सिद्ध मानतों.

पण येथून पुढें एक पायरी राहते, आणि ती बहुतेक लेखक उडी मारून ओलांडतात. पुत्र जेथें होता तेथेंच पिता होता, ही स्वतंत्र प्रतिज्ञा आहे व तिला स्वतंत्र हेतु पाहिजे. या घराण्याचे लोक राजाश्रयानें फिरत होते, हें त्यांच्याच लेखावरून दिसतें. प्रतिपक्षाचा एक आक्षेप असाही असतो कीं, लेखाच्या मराठी भागांत गांवाला पाटणच म्हटलें आहे, मग तेंच विज्जडविड कसें? हा आक्षेप आम्हांस टिकणारा वाटत नाहीं. पाटण, म्हणजे पत्तन, हा शहर या अर्थाचा सामान्य शब्दही आहे. गांवाचें विशेषनाम निराळें असून लोकांच्या तोंडीं नुसतें पाटण असूं शकतें. म्हणजे या आक्षेपानें पाटणचा पक्ष मोडत नाहीं, पण त्याच्या निरसनानें तो उभाही राहत नाहीं. सातमाळा ही सह्याद्रीचीच शाखा असल्यामुळें भास्कराचें विशेषण पाटणला लागूं शकतें. लागूं शकतें, एवढेंच. खानदेशाभिमानी वाचकांस हें उत्तर थंड वाटेल, परंतु ‘चांगदेवाचा मठ पाटणास होता, लक्ष्मीधर तेथलाच, आणि भास्कराचें कुळ दोन पिढ्या या तालुक्यांत नांदत होतें’ हीं तीन वाक्यें पक्कीं आहेत. त्यांच्या जोरावर चवथें वाक्य उधार घेण्याचें कारण नाहीं.

अशा हिशेबी वादाची संवय आपल्या पूर्वजांस नव्हती असें कोणीं समजूं नये. मराठेशाहींतील वतनाच्या तंट्यांचे कागद ज्यानें चाळले आहेत त्याला अग्रवादी व पश्चिमवादी हे शब्द ओळखीचे आहेत. प्रथम दावा सांगणारा अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांच्या तक्रिरी लिहून घ्यावयाच्या, साक्षी पुसावयाच्या, गोतापुढें महजर करावयाचा, आणि जो हरला त्यानें येजितखत लिहून द्यावयाचें. लिखित, भुक्ति व साक्षी हीं मानवी प्रमाणें आधीं, आणि तीं नसतील तरच दिव्य, असा स्मृतींचा क्रम त्यामागें होता. हे कागद जमविण्यांत आयुष्य वेंचून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, व त्यांच्या संग्रहासाठीं धुळ्यास त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. अस्सल कागदापुढें बखरीची किंमत काय हें त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेंत १८९८ पासून मराठी वाचकांस शिकविलें. व्युत्पत्तीच्या प्रांतांत मात्र त्यांचीच बुद्धि ध्वनिसाम्याला पुष्कळदां भुलली, हें त्यांच्याविषयीं पूर्ण आदर बाळगून म्हटलें पाहिजे. एकाच पंडितानें लिखिताच्या बाबतींत इतकें कठोर आणि शब्दाच्या बाबतींत इतकें उदार असावें, हें एक कोडेंच आहे.

ध्वनिसाम्याचा हा मोह खानदेश या नांवालाही जडलेला आहे. गुजरातच्या अहमदशहानें फारुकी मलिक नसीर यास खान हा किताब दिला, म्हणून खानांचा देश तो खानदेश, असा एक पक्ष. १८८० च्या सरकारी गॅझेटियरानें तो सर्वत्र नेला. कान्ह्याचा देश तो कान्हदेश, हा दुसरा. सभांतून हे दोन पक्ष ज्या आवेशानें मांडले जातात तो पाहिला म्हणजे वाद आणि जल्प यांतला भेद वेगळा शिकविण्याची जरूर उरत नाहीं. पहिल्या पक्षानें किताबाच्या पूर्वींचा या नांवाचा एकही लेख निघाला तर आपण बाधित होऊं हें आधींच कबूल करून ठेवावें. शिवाय १६०१ सालीं असीरगड पडल्यावर अकबराच्या दरबारानें शहाजादा दानियाल याच्या नांवावरून या सुभ्याचें नांव दानदेश ठेवलें होतें, व तें लोकांच्या तोंडीं रुजलें नाहीं. राज्यकर्त्याच्या नांवावरून मुलुखाला नांव पडतें ही व्याप्ति त्याच मुलुखांत एकदां फसलेली असतां, पहिल्यांदा ती कां साधली याचें कारण त्या पक्षानें द्यावें. दुसऱ्या पक्षानें ‘कान्ह’ मधला हकार मागें सरकून ‘खान’ कसा झाला, व अशीं स्थित्यंतरें खानदेशांतल्या दुसऱ्या कोणत्या ग्रामनामांत दिसतात, तें सपक्ष उदाहरणें देऊन दाखवावें. तोंपर्यंत दोघेही प्रतिज्ञेच्या पायरीवरच उभे आहेत, आणि अग्रवादी कोण हेंही अद्याप ठरलेलें नाहीं.